लुंबिनीचा नकाशा

बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता आणि दिसणं संपायच्या आत त्यांना लुंबिनी बघायची होती. दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. मोठ्या भावाने सत्तरच्या दशकात जुनी ॲम्बेसेडर घेतली आणि गाडीने नेपाळला जायचं ठरलं. मी म्हटलं, आधी नीट रस्त्यांचा नकाशा आणू.

आमच्या शहरातल्या सदर बाजारातली पुस्तकांची सगळी दुकानं पालथी घातली. एकाने शाळेत भिंतीवर टांगायचा भारताचा नकाशा काढला. त्यात सरहद्द संपली की पुढे नुसता पिवळा रंग. रस्ता नाही, गाव नाही, जणू तिकडे माणसं राहतच नाहीत. दुसरा दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "बॉर्डरचा नकाशा कायले पाहिजे तुमाले?" मी काय हेर दिसत होतो? गाडीवाल्यांच्या एका संस्थेत गेलो, तर तिथला कारकून म्हणाला, "नेपाळात गाडी घेऊन कोन जाते गा?" अरे, आम्ही जातो. म्हणून तर विचारायला आलो. त्या खुर्चीवरचा तो माणूस आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

भाऊ मात्र निवांत. "नकाशा काहून पाहिजे? तोंड हाये न आपल्याले, इचारत इचारत जाऊ." आणि वर त्याने विहारात मिळालेलं एक रंगीत चित्र आणलं. एकच वळणदार रस्ता, त्यावर चार ठिकाणं. चित्रकाराने ती बुद्धांच्या आयुष्याच्या क्रमाने मांडली होती. जन्म पहिला म्हणून लुंबिनी वर डाव्या कोपऱ्यात, निर्वाण शेवटी म्हणून कुशीनगर खाली उजव्या कोपऱ्यात. हात जोडायला ते चित्र उत्तम होतं. भावाने ते गाडीच्या काचेपाशी लावलं आणि त्याच्या भरवशावर गाडी हाकली.

विचारत जाण्याची गंमत जबलपूरपासूनच कळली. ज्याला विचारावं तो म्हणे, "बस, पास ही है." आणि ते पास संपता संपत नसे. सारनाथ झालं, गया झालं, कुशीनगरला पोचेपर्यंत भावाची रजा संपत आली होती. तिथल्या चहावाल्याला लुंबिनी विचारली. तो म्हणाला, "पास ही है."

या वेळी तो खरं सांगत होता. पण भावाने चित्रावर बोट ठेवलं. या टोकाला कुशीनगर, त्या टोकाला लुंबिनी. "आता नाही जमत. पुढच्या वर्षी येऊ." मी भांडलो, हमरीतुमरीवर आलो, पण दाखवायला माझ्या हातात काय होतं? गाडी त्याची, रजा त्याची. बाबा मागच्या सीटवर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चाला. तुमी भांडू नोका."

पुढच्या वर्षी बाबांना हातातला पेलाही दिसेना.

त्यानंतर केव्हातरी एका सहकाऱ्याच्या परदेशातल्या मुलाने मला हवा होता तसा नकाशा पाठवला. नेपाळ आणि आपला उत्तर भाग, पेट्रोलपंपांसकट. आपल्या रस्त्यांचा नकाशा सातासमुद्रापार छापतात आणि सदरमध्ये माझ्याकडे मी चोर असल्यासारखं बघतात, याचा संताप कुणावर काढायचा?

मी तो बाबांपुढे पसरला. त्यांचं बोट धरून कुशीनगरावर ठेवलं, गोरखपूरवरून वर नेलं, सरहद्द ओलांडली आणि लुंबिनीवर थांबवलं. सगळं मिळून बोटाचं एक पेर. बाबांनी ते बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

"इतल्या जवळून वापस आनलं मले?"

भाऊ शेजारीच बसला होता. तो नकाशाची घडी घालायला लागला. त्याला ती जमेना. मी मदत केली नाही.