गटातून गट वजा

निशाताईंसमोर कोणी ‘क्लस्टर’ म्हटलं की त्यांचा जेवता हात थांबायचा. मी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला नवा होतो, तेव्हा त्यांनी पिठलंभाताला बोलावलं आणि पहिल्याच घासाला मी ती चूक केली. “क्लस्टर म्हणजे समूह. शेकडो दीर्घिका, सगळं जग त्यांच्या मागे. मी गटवाली आहे रे. चार-दोन मोठ्या, बाकी किरकोळ. बहुतेक दीर्घिका राहतात गटातच, पण विचारतं कोण?” एवढं सुनावून त्यांनी मला तूप वाढलं.

मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. गटांमधला तापलेला वायू क्ष-किरणांत दिसतो आणि क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून आमची दुर्बीण अवकाशात. मधल्या दीर्घिकेतलं कृष्णविवर लहान गटातला वायू बाहेर ढकलतं, हे त्या असं समजावत: “वन-रूम-किचनमध्ये एकाने आदळआपट केली की बाकीचे जिन्यात येतात.” आपल्या जवळच्या एका गटात वायू जवळजवळ उरलेलाच नाही, असा त्यांचा पेपर नुकताच स्वीकारला गेला होता. पुढचं काँट्रॅक्ट त्या पेपरवर ठरणार होतं. चाळिशी उलटलेली एकटी बाई, राहण्याचं परमिट नोकरीला बांधलेलं. दुसरं दार नव्हतं.

तेवढ्यात कोरोना आला. विद्यापीठ बंद झालं आणि आमच्या चर्चा कालव्याच्या काठावर होऊ लागल्या, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून. ताई मास्कमधून ओरडत, कुत्री फिरवणारे डच आजोबा वळून बघत. अशाच एका दुपारी फीट्स, म्हणजे तिथली सायकल, ढकलता ढकलता त्या मध्येच उभ्या राहिल्या.

“अरे, पार्श्वभूमी कुठून घेतली होती मी?”

आकाशाचा स्वतःचा मंद उजेड चित्रभर पसरलेला असतो. तो वजा केल्यावरच गटाचा वायू कळतो. “कडेवरून,” मी म्हटलं. “जिथे गट संपतो तिथून.”

“आणि संपतच नसेल तर? इतक्या जवळचा गट. कडेलाही त्याचाच वायू असेल, तर मी गटातून गटच वजा केला!”

खात्री करायची, तर शेजारच्या मोकळ्या आकाशाची नवी निरीक्षणं हवी होती आणि त्याला काही महिने लागणार होते.

“ताई, आधी काँट्रॅक्टवर सही होऊ दे,” मी म्हटलं. “करेक्शन काय, नंतरही पाठवता येईल.”

“मी चुकले की नाही, मला माहीत नाही. पण माहीत नाही, एवढं तर माहीत आहे ना?”

त्यांनी पेपर मागे घेतला. आमच्या प्रमुखांनी स्क्रीनवरून त्यांच्या प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं आणि जागा दुसऱ्याला दिली. कौतुकाने पोट भरत नाही. मी संतापलो होतो आणि सगळ्यात जास्त ताईंवर. त्यांनी मात्र कुकर मला दिला, झाडं शेजारणीला दिली आणि मिळालेल्या पहिल्या विमानाने नागपूरला भावाकडे निघाल्या. तिकिटाशिवाय विमानतळात कोणाला सोडत नव्हते. दाराशी वाकून नमस्कार करायला गेलो, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. “लांबूनच रे. घरी वहिनीला दमा आहे.”

तिकडे त्या ऑनलाइन शिकवण्या घेऊ लागल्या. फोनवर कामाचा विषय काढत नसत आणि मलाही काढवत नसे.

नवी निरीक्षणं आली, मी हिशेब पुन्हा केला आणि त्यांना फोन लावला.

“ताई, वायू आहे. कडेपर्यंत आहे. इतर गटांत असतो तेवढाच.”

“म्हणजे मी चुकलेच होते?”

“हो.”

“नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?”

“नक्की, ताई.”

“देव पावला,” त्या म्हणाल्या. “बरोबर असते, तर काय केलं असतं रे मी?” आणि इतके दिवस एकदाही न रडलेल्या निशाताई फोनवर हमसून हमसून रडल्या.