कडब्याचा मिथेन

मंडळी, आज सकाळी सोलापूरच्या बाजारात माझा सत्तरच्या दशकातला विद्यार्थी भेटला. पाया पडून म्हणाला, "सर, पाटीलबाईंचं रसायनशास्त्र लई भारी होतं की!"

नववीला त्याला बाई होत्या. दहावीला मी!

त्यानं शेजारच्या गाडीतलं कडब्याचं धाट मोडलं, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे केले, सालीच्या काड्या खोचल्या आणि मिथेनचा रेणू माझ्या हातावर ठेवला. बाईंनी शिकवलेला.

"आणि मी काय शिकवलं?"

तो आठवत राहिला. "तुमी तक्ता लई सरळ टांगायचा, सर."

बाई जाऊन कैक वर्षं झाली. रेणू माझ्या टेबलावर आहे. दुपारपासून त्यात चूक शोधतोय.

फोटो टाकलाय. तुम्हाला सापडते का?