चहाला लागलेला कापूर

श्रीगजाननास वंदन करून, सुनेच्या ऑनलाइन चहाविक्रीच्या शुभारंभाविषयी लिहितो.

नोकरी सोडून मृणालने हा व्यवसाय मांडला. पहिल्या मागणीचा सारा चहा पाकिटांत भरण्यापूर्वी तिने तो परातीत घालून रात्रभर देवघरात, कापराच्या डबीशेजारी, उघडा ठेवला. “देवाची दृष्टी पडू दे, बाबा.”

सकाळी कुरिअरवाला खोकी घेऊन गेला आणि तिने उरलेल्या चहाचा पेला माझ्या हाती दिला. वाफेसरशी आरतीचे तबक आठवले.

सौ.ने घोट घेतला. “अगं, हे तर तीर्थच झालं!”

मृणाल हसली नाही. “सगळ्याच पाकिटांत असेल का हो, बाबा?”

कापूर जळला की मागे काही उरत नाही, असे मानून आपण त्याला निःसंग म्हणतो. तो मात्र आता अनोळखी घरांच्या वाटेला लागला होता. भक्तीने जवळ ठेवलेली वस्तूही किती निमूटपणे दुसरीत उतरते!

दोन दिवसांनी पाकिटे पोचली आणि ग्राहकांच्या फोनांनी तिचा मोबाइल वाजू लागला.

वाचकहो, आपले देवघर आणि स्वयंपाकघर दोन्ही प्रसन्न राहोत, आणि आपल्या पेल्यात चहाला चहाचाच गंध येवो.