आठव्यांदा वाकवलेली तार

युदेल्काच्या घराचं दार माझ्या दुकानाच्या बरोबर समोर उघडतं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला इतरांपेक्षा जास्त हक्क आहे असं मी समजते. ती तेवीस वर्षांची आहे. सकाळी सातला खिडकी उघडते, टेबलावरचं ओलं फडकं बाजूला करते आणि कामाला बसते. फडक्याखाली लारिमारचे तुकडे असतात. आमच्या डोंगरातला हा निळा दगड उन्हात राहिला की फिकट पडतो. नदीच्या मुखाशी टपऱ्या लावणाऱ्या बायका तो दिवसभर उन्हात मांडतात आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून नशिबाला बोल लावतात. युदेल्का मांडत नाही. कुणी घरी आलं तरच फडकं उचलून दाखवते. भाव मात्र कमी करत नाही, त्या बाबतीत ती बापावर गेली आहे.

बाप खाणीतून आलेले दगड घासून चकचकीत करून देतो. घासताना जे तुकडे उडतात त्यांवर ही लहानपणापासून डोळा ठेवून होती. दगडाला भोक पाडायचं नाही, गोंद लावायचा नाही, नुसती तार गुंडाळून त्याला घट्ट धरायचं, हे तिचं काम. शिकवलं कुणी नाही. पहिली पक्कड मात्र दोन्या मेलिदानं दिली; वयानं मोठ्या बाईला आम्ही दोन्या म्हणतो. तिचा नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यावर त्याच्या पेटीतली गोल तोंडाची बारीक पक्कड तिनं या पोरीच्या हातात ठेवली. म्हणाली, "घे गं. माझ्याकडे गंजतेय." युदेल्का आजही तीच वापरते. दुसऱ्या दोन घेतल्यात, त्या शोभेला आहेत.

मेलिदा म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकाशी यानिकेके विकणारी. कणकेच्या त्या मोठ्या कुरकुरीत पुऱ्या पातेल्यात रचून, वर पांढरं कापड टाकून ती दहा वाजता माझ्या दारावरून जाते. पुढचे चार दात नाहीत, आवाज इतका बारीक की समोरचा सारखं "काय? काय?" करतो. मूलबाळ नाही. दुसऱ्यांच्या मुलांना खाऊ घालण्यातच तिचा जन्म गेला.

आता मुख्य गोष्ट. माझी मैत्रीण युफेमिया हिच्या मुलीला मुलगी झाली, दारियेलिस, आणि धर्ममाता म्हणून माझी नेमणूक झाली. म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बांधायचा दगड, मिटलेल्या मुठीसारखा कोरलेला काळा आसाबाचे, मी द्यायचा. तो आईबापांनी घेऊन चालत नाही, दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. आणि बाळंतिणीचे एक्केचाळीस दिवस संपून बाळ उंबऱ्याबाहेर यायच्या आत तो मनगटावर हवा. मी ही गोष्ट चाळिसाव्या दिवशी सकाळपर्यंत विसरले. दुकान चालवणाऱ्या बाईला सगळं लक्षात राहतं असं लोकांना वाटतं. लोकांना काय वाटायला जातंय!

धावत समोर गेले. "युदे, उद्यापर्यंत बाळाचं कडं करून दे. आसाबाचेची मूठ आणि दोन पोवळी."

"उद्यापर्यंत? मावशी, बाळ काय अचानक झालं का?"

"तोंड चालवू नकोस, हात चालव."

तिनं डबीतून काळ्या दगडाची चिमुकली मूठ काढली, लोकरीच्या मोज्यावर घासली आणि कागदाच्या कपट्यावर धरली. कपटा उडून दगडाला चिकटला. "खरा आहे," म्हणाली, "काच नाही." मग तारेचं रीळ बघून तिचं तोंड उतरलं. चांदीची तार वीतभरच उरली होती. मी म्हटलं, बघ बाई कसं जमतंय ते. आणि जमलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कडं तयार होतं. एक्केचाळीस दिवस संपले आणि दारियेलिस ते हातात घालून माझ्या मांडीवर पडून बाहेरचं जग पहिल्यांदा बघत होती, आणि मी आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला कडं दाखवत होते.

त्यानंतर अठरा दिवसांनी ते तुटलं.

माझ्याच दारात तुटलं. युफेमिया बाळाला घेऊन उभी होती, मी गल्ल्याशी. मेलिदा पातेलं घेऊन आली, थांबली, बाळाच्या मांड्यांकडे बघून हसली आणि म्हणाली, "अगं बाई, काय या मांड्या! खाऊन टाकाव्याशा वाटतात." बाळानं हात झटकला, काळी मूठ टक्कन फरशीवर पडली आणि गोल फिरत माझ्या पायाशी आली. तेवढ्यात खाणीवरचा ट्रक हॉर्न वाजवत उतारावरून गेला. युफेमियानं बाळ छातीशी धरलं आणि घराकडे पळत सुटली. मेलिदा नुसती उभी. संध्याकाळी बाळाला दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी बाळ ठणठणीत होतं, पण तोवर गल्लीत निकाल लागला होता.

बाळाचं कौतुक केलं की लगेच 'देव तिचं भलं करो' म्हणायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मेलिदा म्हणाली की नाही, एवढाच प्रश्न होता. युफेमिया म्हणाली, "नाही म्हणाली." मेलिदा म्हणाली, "मी म्हणाले होते." मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "ट्रकचा आवाज केवढा होता!"

मी धर्ममाता झाल्यापासून युफेमिया मला कोमाद्रे म्हणते. म्हणाली, "कोमाद्रे, त्या दगडानं सगळं स्वतःवर घेतलं गं. नाहीतर माझं लेकरू गेलं असतं. असाच दुसरा करून आण. आणि हा वाहत्या पाण्यात टाक. तुटलेला घरात ठेवू नये, जोडू तर अजिबात नये."

मी तुकडे कागदात गुंडाळून आधी युदेल्काकडे गेले. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि तारेचं तुटलेलं टोक बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हे माझ्याकडे राहू दे. मी टाकते नदीत."

पंधरवड्यात तिच्याकडे सात कडी सांगून आली, युफेमियाचं धरून. बायका वरच्या गावातून चालत आल्या. "ते दृष्ट खेचून तुटतं ना, तसलंच हवं." इतकी वर्षं पोरगी तार वळतेय, तिचं नाव कुणी घेतलं नाही, आणि आता तिच्या खिडकीशी रांग. आणि मेलिदाचं पातेलं भरलेलं जायचं आणि भरलेलंच परत यायचं. आया पोरांना बजावून शाळेत सोडत होत्या. ती रस्त्यानं आली की बायका बाळाच्या तोंडावर टॉवेल ओढायच्या. तिनं पुरीचा भाव दहाचा वीस केला असता तर लोकांचा राग समजला असता, पण हिच्या हातून आयुष्यात मुंगी मेली नसेल. एकदा ती माझ्या दारात थांबली आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, "लिगिया, तू तर होतीस ना तिथे." मी म्हटलं, "तेल संपलंय, उद्या ये." तिनं तेल मागितलंच नव्हतं.

सातांपैकी एकही कडं युदेल्का करायला घेईना. चांदीची तार येऊन पडली होती. शेवटी मीच गेले.

"बायका मला विचारतात. सांगू काय त्यांना?"

तिनं तारेचा तुकडा कापला, मेलिदाच्या नवऱ्याच्या पकडीत धरला आणि पुढे-मागे वाकवायला लागली. "मोजा." मी मोजलं. आठव्यांदा वाकवल्यावर तार मोडली. तिनं भिंग माझ्या डोळ्याशी धरलं. टोक करडं होतं, रवाळ. मग ड्रॉवरमधून कागद काढून बाळाच्या कड्याचं टोक दाखवलं. तेच करडं, तेच रवाळ.

मी दचकले. "तू हे नदीत टाकलं नाहीस? घरात ठेवलंस?"

"मावशी, ऐका ना. त्या दिवशी मूठ अडकवायची तारेची कडी वाकडी झाली. उघडली, सरळ केली, पुन्हा वळवली. परत चुकली. नेहमी मी चुकलेला तुकडा फेकते, नाहीतर तापवून मऊ करून घेते. त्या दिवशी तार पुरणार नव्हती आणि तुम्ही डोक्यावर बसला होतात. पाच वेळा मी वाकवली. उरलेल्या तीन वेळा बाळानं हात हलवून वाकवली. यात दोन्या मेलिदा कुठे येते?"

मी डोक्यावर बसले होते हे खरंच होतं. तरी मी दुकानदारीण. म्हटलं, "हे बघ, बाळ बरं आहे. तुझं नाव झालंय. आता हे काढलंस तर सातही जणी परत जातील. आणि युफेमिया ऐकणार आहे का तुझं?"

"मग मी काय करू? ही पक्कड हातात धरून सात कडी करू?"

मी उठून आले.

रविवारी प्रार्थनेनंतर युफेमियाच्या ओसरीवर बायका कॉफीला बसतात. मीही होते. युदेल्का आली, कधी नव्हे ते केस विंचरून. तिनं कागद उलगडून तुटलेली मूठ टेबलावर ठेवली. बायका खुर्च्यांसकट मागे सरकल्या.

"हे घरात आणलंस? माझ्या घरात?" युफेमिया उठून उभी राहिली.

"दोन्या युफेमिया, हे माझ्या चुकीनं तुटलं. तार मी पुन्हा पुन्हा वाकवली होती. दृष्टबिष्ट काही नाही. दोन्या मेलिदाचा दोष नाही." तिनं तिथेच तार वाकवून दाखवली, मोठ्यानं आकडे मोजत. आठला ती मोडली.

युफेमिया शांतपणे म्हणाली, "पोरी, तुझं मन चांगलं आहे. पण दृष्ट कच्च्या जागीच जाऊन बसते. तुझी तार कच्ची होती, म्हणून तिथून तुटली. पण तोडली कुणी? इतके अठरा दिवस का नाही तुटली? ती बाई बोलली, आणि तुटली. ती देवाचं नाव घेऊन बोलली असती तर तुटली असती का?"

बायकांनी माना डोलावल्या. युदेल्का माझ्याकडे बघत नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. ती टेबलावरच्या दोन टोकांकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तिनं आपली रोजीरोटी सगळ्यांसमोर मोडून ठेवली होती आणि त्याचा काहीही उपयोग झाला नव्हता.

मला माझीच लाज वाटली. म्हणजे इतकी की कॉफीचा कप खाली ठेवावा लागला.

"म्हणाली होती ती," मी म्हटलं.

"काय?"

"देव तिचं भलं करो, असं मेलिदा म्हणाली होती. मी ऐकलं. मूठ पडायच्या आधी म्हणाली. ट्रक नंतर आला."

युफेमियानं माझ्याकडे असं बघितलं की ते मी जन्मात विसरणार नाही. "आणि तू महिनाभर गप्प बसलीस?"

"तू इतकी घाबरली होतीस. मग तू चिडलीस. मग सगळेच तसं बोलायला लागले. आणि तुझ्याशी वाकडं घ्यायची मला हिंमत झाली नाही, कोमाद्रे. खरं सांगते."

कुणी कॉफी संपवली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. सातांतल्या पाच जणींनी आपली कडी रद्द केली. दृष्ट न खेचता नुसती मोडणारी तार त्यांना नको होती. दोघींनी ठेवली, आणि त्यांत एक युफेमिया होती. "चूक सांगणारी पोरगी पुन्हा तीच चूक करणार नाही," एवढंच ती म्हणाली. युदेल्काच्या टेबलावर आता एक पत्र्याचा डबा आहे. एकदा चुकीची वळलेली तार त्यात जाते, मग ती वीतभर असो की हातभर. माझ्याशी ती बोलते, पण मी घाई केली तर डब्याकडे बोट दाखवते. दारियेलिसच्या हातातलं नवं कडं आता तिला घट्ट व्हायला लागलंय, तुटलेलं नाही.

युफेमिया स्वतः नातीला घेऊन शाळेच्या फाटकाशी गेली, यानिकेके घेतली, सगळ्यांसमोर खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून पोरं पुन्हा मेलिदाच्या पातेल्याभोवती गोळा झाली. लोक विसरले. लोकांना विसरायला फार सोपं असतं.

मेलिदा तेवढी विसरली नाही. आजही ती दहाला माझ्या दारावरून जाते. समोरून कुणी बाळ घेऊन आलं की ती रस्त्याच्या पलीकडे होते, पातेलं खाली ठेवते, दोन्ही हात पाठीमागे घेते आणि दात नसलेल्या तोंडानं, जिवाच्या आकांतानं ओरडते, "देव त्याचं भलं करो!" कौतुकाचा एक शब्दही काढत नाही. मग माझ्या दुकानाकडे वळून बघते, मी ऐकलं की नाही ते.

"ऐकलं गं, ऐकलं," मी गल्ल्यावरून ओरडून सांगते. रोज सांगते.