जावयाच्या गाडीची रिंग

शहागंजच्या मागच्या गल्लीत भिकनमिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याला लागून माझं सीटकव्हरचं दुकान. भिकनचा बाप खुलताबादकडं मेंढरं राखायचा. भिकननं मेंढरं सोडली आणि इंजिनं धरली. इंजिन बांधावं तर भिकननंच, असं आम्ही सगळे म्हणतो. त्यालाही ते पटतं, जरा जास्तच पटतं.

पिस्टनची रिंग मोठी नाजूक. बोटांनी ताणून खाचेत बसवायची. जोर झाला की कट्कन तुटते. तिच्यावर बारीक खूण असते, ती बाजू वर ठेवायची. उलटी बसली तर इंजिन तेल पितं. भिकनच्या हातून रिंग तुटलेली कुणी पाहिली नाही. पण साठी उलटली, डोळे अधू झाले, आणि चष्मा लावला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, ही गड्याला धास्ती.

यंदा त्याच्या जावयाची गाडी आली. अंगद वेरूळला पर्यटकांची ने-आण करतो. सुकेशनीचा, म्हणजे भिकनच्या लेकीचा, संसार त्याच गाडीवर. सासऱ्यानं अंगदला शेजारी बसवून हौसेनं इंजिन बांधून दिलं. थोड्याच दिवसांत गाडी तेल पीत, निळा धूर ओकत परत आली.

दुसऱ्या कुणी आधी इंजिन खोललं असतं. भिकननं तोंड खोललं.

"तेल कोणतं टाकलं? चांगल्या इंजिनात भेसळीचं तेल वतायचं आन् मिस्त्रीच्या नावानं बोंब मारायची व्हय?"

जावयाला चारचौघांत असं बोलायचं! आमच्याकडं जावयापुढचा चहा गार झाला तरी सासूच्या जिवाला घोर लागतो. अंगद मान खाली घालून, चहा न घेता निघून गेला.

मग भिकननं इंजिन खोललं. बराच वेळ एक पिस्टन उन्हात धरून बघितला आणि माझ्याकडं आणला.

"मधल्या रिंगीची खूण कुठल्या अंगाला हाय, बघ बरं."

खाली होती. मी तसं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

"कुणाला बोलू नको," तो म्हणाला. रिंग पालटून इंजिन पुन्हा बांधलं की गोष्ट मिटली, असं त्याच्या मनात होतं.

तेवढ्यात सुकेशनीचा फोन आला. हात तेलकट, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"अण्णा, रागावू नका. ह्यांनी कबूल केलंय, स्वस्तातलं तेल घेतलं व्हतं म्हणून. मी लई बोलले त्यांना."

भिकननं हातातला पिस्टन खाली ठेवला. जावई सासऱ्याचं नाव राखायला बायकोच्या शिव्या खात होता. "त्यांना धाडून दे," भिकन एवढंच म्हणाला.

अंगद आला तेव्हा गल्लीत गर्दी होती. भिकन उठून उभा राहिला.

"जावईबापू, रिंग मीच उलटी बसवली. तुमच्या तेलाला उगंच नाव ठेवलं."

सगळ्यांनी ऐकलं. अंगदनं घाईनं त्याचा हात धरला.

"असू द्या, मामा. बसवतानाच खूण खाली गेलेली दिसली व्हती मला. पण तुमाला चुकलं कसं म्हणावं?"

भिकननं तेलकट हातांनीच तोंड झाकून घेतलं, आणि जावयासाठी गरम चहा सांगितला.