घुशीचा पिंजरा आणि शैलाची गाठ

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी अंगणात उकिडवा बसून घुशीच्या पिंजऱ्यात सुकट टाकत होतो. आदल्या संध्याकाळी शैलाने, माझ्या बायकोने, नाकावरची नळी बाजूला सारून मला बजावलं होतं, "अहो, उद्या तिसरा दिवस. सुकट टाका, पण दोरी सोडू नका." मी तिची तब्येत विचारायला गेलो होतो आणि ही मला घुशीचं वेळापत्रक सांगत होती! मी चिडलो. "घूस गेली खड्ड्यात, तू आधी बरी हो," म्हणालो आणि निघून आलो. आमचं शेवटचं बोलणं ते... दीड महिना झाला, त्या चिडण्याची मला अजून लाज वाटते.

घणसोलीतल्या आमच्या रो-हाऊसपुढे हिरवळीचा एक तुकडा आहे. चार सतरंज्या अंथरल्या तर संपेल एवढाच. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टा केल्या, तोवरचा सगळा संसार आम्ही दीड खोलीत काढला. इथे राहायला आलो तेव्हा शैलाने पडदे लावायच्या आधी गवत लावलं, एकेक काडी मातीत खोचून. आणि मग घुशी आल्या. सकाळी दार उघडावं तर जागोजागी मातीचे ढीग, गवत मुळासकट उपटलेलं, आणि चालायला जावं तर पाय घोट्यापर्यंत आत. शेजाऱ्यांनी कंटाळून एकेक करत अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. राहिलो आम्ही. विष घालायला शैला तयार नव्हती. विष खाल्लेली घूस कुणाचं तरी मांजर खातं, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने पिंजरा आणला. वर सरकणारं लोखंडी दार, आत आमिषाचा आकडा. त्यात साजूक तुपाची पोळी लावायची आणि रोज सकाळी पिंजरा साबणाने घासून, उन्हात वाळवून पुन्हा मांडायची. सांगलीकडच्या शाकाहारी घरातली, स्वच्छतेची भारी हौस. महिनाभर एक घूस फिरकली नाही. शेवटी तळवलीहून मासे घेऊन येणाऱ्या हिराबायने तो चकचकीत पिंजरा पाहिला आणि टोपली खाली ठेवून हसत सुटली. "आगो ताय, भांडी हायेत का ती घासाला? साबनाचा वास आला का ती येतंच नाय. माती फास त्याला. न तुजी पोली कोन खानार? सुकट घाल. तीन दिस दार वर बांधून ठेव, खाऊंदे तिला पोटभर. चवथे दिसा दोरी सोर."

मी रत्नागिरीचा. लग्न झाल्यापासून सुकटीचा वाससुद्धा शैलाने घरात येऊ दिला नव्हता, आणि घुशीसाठी मात्र डबाभर सुकट आली! मी डब्याकडे हात नेला तर म्हणाली, "ती तुमची नाही." पिंजऱ्याला तिने स्वतः माती फासली, आणि नाकाला पदर लावून, उघड्या हाताने ती सुकट आकड्याला लावायची. चौथ्या दिवशी दोरी सोडली आणि दुसऱ्या सकाळी मांजराएवढी घूस पिंजऱ्यात फिस्कारत होती. मी स्कूटर काढली, शैला मागे पिंजरा पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली, आणि खाडीच्या बाजूला मोकळ्या जागेत आम्ही ती सोडली. परतताना बाई अशा ताठ बसल्या होत्या की विचारू नका.

आता माझा गुन्हा सांगतो. सोसायटीला सगळी अंगणं एकसारखी हवी होती. शैला बाजारात गेली असताना सेक्रेटरी पेव्हर ब्लॉकच्या संमतीचा कागद घेऊन आले. "काका, घुशींचं टेन्शनच संपेल," म्हणाले. मी सही करून टाकली. शैलाला कळलं. ती थेट मीटिंगला गेली आणि भर सभेत उभी राहिली. "सही ह्यांची आहे, गवत माझं आहे. जन्मभर लादी पुसलीय मी. आता मला पायाखाली गवत हवंय." कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. मी खाली घालणाऱ्यांत होतो. कागद फाइलमध्ये तसाच राहिला, पण ब्लॉक काही आले नाहीत. तिच्यासमोर ते आणायची कुणाची टाप नव्हती.

ज्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, त्या सकाळी तिने पिंजऱ्याचं दार दोरीने वर बांधलं होतं. घट्ट, दुहेरी गाठ. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पिंजऱ्याच्या चौथ्या दिवशी, दोरी सोडायची होती, पण माझा हात होईना. तिने या घरात केलेलं शेवटचं काम ते... ते मी कसं मोडणार? पिंजरा तसाच उघडा राहिला, आणि घुशीने तेवढ्या दिवसांत निम्मी हिरवळ उकरून काढली. मी खिडकीतून बघत बसायचो.

तेराव्यानंतर सेक्रेटरी आले, सोबत टेप घेतलेला माणूस. "काका, आता काकू नाहीत. कोण बघणार हे सगळं? तुमची सही आहेच." त्या माणसाने टेपचं टोक गवतावर टेकवलं आणि माझं डोकंच फिरलं. "उचला ते," मी ओरडलो. "सही मागे घेतली म्हणून लिहून देतो. आत्ताच. आणि बघणार मी आहे." कागद-पेन आणून त्यांच्यासमोर लिहून दिलं. तिच्या हयातीत द्यायला हवं होतं, हे मला कळतं.

ते गेल्यावर डबा घेऊन पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तीन दिवस सुकट टाकली. चौथ्या दिवशी तिची गाठ सोडायला मला बराच वेळ लागला. गाठही तिच्यासारखीच, सहजासहजी ऐकणारी नव्हती. सुटली तेव्हा मी तिथेच मातीत बसून रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घूस पिंजऱ्यात होती. स्कूटरवर पुढे पिंजरा ठेवून एकटाच खाडीकडे जाऊन आलो.

उकरलेल्या जागी मी आता नव्या काड्या खोचतोय. पिंजरा पुन्हा मांडलाय, दार दोरीने बांधलंय. गाठ माझी आहे, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. पिंजरा मात्र धुतलेला नाही. त्याला फासलेली माती तिच्या हातची आहे.