डेसच्या खोपटावरची पाटी

डेस पिंचबेकने आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दारावर ब्रश विकणारा आला की डेस ब्रश घ्यायचा. धर्मप्रचारक आले की त्यांना आत बसवून चहा पाजायचा. त्याची बायको ग्लेनिस बाजारातून परत यायची तेव्हा दोन अनोळखी माणसं तिच्या स्वयंपाकघरात तिनेच केलेला केक खात बसलेली असायची. नोकरी त्याने गावच्या पंपघरात केली. ड्रोव्ह एंड म्हणजे लिंकनशरमधलं सखल गाव. पंप थांबले तर समुद्र न विचारता घरात यायचा, म्हणून डेसने पंप थांबू दिले नाहीत. समुद्राला तेवढं त्याने जन्मभर दाराबाहेर ठेवलं, बाकी सगळ्यांना आत घेतलं.

आणि अशा माणसावर गावाने काम कुठलं सोपवावं? एका अख्ख्या फ्रेंच गावाला ‘येऊ नका’ म्हणून सांगायचं!

त्या गावाचं नाव व्हिलरोश. ते ड्रोव्ह एंडचं जुळं गाव, म्हणजे कागदोपत्री बहीणच. वेशीवर तशी पाटी होती, ओकच्या जाड खांबावर. दर मे महिन्यात एका वर्षी त्यांची बस इकडे, दुसऱ्या वर्षी आपली तिकडे. सफरचंदांची बाग असलेला इव्हों पहिल्या वर्षी डेसच्या घरी उतरला, आणि मग दरवेळी तिथेच. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, त्यामुळे भांडण व्हायचा प्रश्नच नव्हता. डेस त्याला आपल्या भाड्याच्या वाफ्यातले लीकचे कांदे दाखवायचा, इव्हों मान हलवायचा, मग दोघं तिथल्या लाकडी खोपटात बसून इव्होंने आणलेली सफरचंदाची दारू घ्यायचे. ग्लेनिस म्हणायची, “माझ्याशी इतकं गप्प बसला असतास तर मीसुद्धा तुझ्यावर एवढंच प्रेम केलं असतं.”

या भेटीचा खरा मान मात्र रस्सीखेचीचा. वेशीजवळच्या चरावर रस्सी आडवी धरायची, अलीकडे इंग्रज, पलीकडे फ्रेंच, आणि हरेल त्याने चिखलात पडायचं. दोर अंगाला लपेटून सर्वांत मागे उभा राहणारा इकडून डेस, तिकडून इव्हों. मग या भेटी ठरवणाऱ्या कमिटीच्या अध्यक्षपदी ऑब्री स्टॅमर्स आला. विमा कंपनीतून निवृत्त होऊन गावात आलेला हा गृहस्थ, त्याला जिकडेतिकडे अपघात दिसायचा. त्याने रस्सीखेच बंद केली आणि तिच्या जागी सभागृहात प्रश्नमंजूषा ठेवली. डेस आणि इव्हों एका टेबलावर शेजारी शेजारी बसले, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर न येता संध्याकाळभर मख्खासारखे समोर बघत राहिले. डेसला तो अपमान जिव्हारी लागला.

पुढच्या वर्षी देशाने युरोपातून बाहेर पडायचा कौल दिला, आणि बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कसं यावर घराघरांत जुंपली. ड्रोव्ह एंडने तरी मागे का राहावं? खाटीक सिरिल मंबी गावसभेत उठून म्हणाला, “देश निघाला बाहेर, आणि आपल्या वेशीवर अजून फ्रेंच नाव? घ्या गावाचं मत!”

घेतलं. डेस पडद्याआड गेला, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली, आणि त्याला ती प्रश्नमंजूषा आठवली. म्हटलं, बसू दे ऑब्रीला एक चपराक. बाकीचे सगळे नातं ठेवायलाच मत देणार, माझ्या एका फुलीने काय आभाळ कोसळतंय? त्याने ‘नातं संपवावं’पुढे फुली मारली आणि शीळ घालत घरी आला.

रात्री निकाल लागला. नातं संपलं होतं, तेही अगदी थोडक्यात. डेसला समोरचं जेवण जाईना. ग्लेनिस म्हणाली, “कुठल्या गाढवांनी मतं दिली असतील रे?” डेसने बटाट्याकडे बघून मान हलवली.

मग सुरू झाला खरा तमाशा. नातं संपवायचं हे ठरलं, पण संपवायचं म्हणजे काय? सिरिल म्हणे, संपलं म्हणजे संपलं, खांब उपटा, पाटी भंगारात घाला. शाळेच्या माजी बाई थेल्मा फेलोज म्हणत, मतपत्रिकेवर नातं लिहिलं होतं, खांब नव्हता, पाटीवर फार तर एक कापड टाकू. ऑब्रीचं म्हणणं, घाई नको, उपसमिती नेमू. फ्रेंचांनी भेट दिलेला बाक परत करायचा का, त्यावर बसायचं का, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. सिरिल त्या बाकासमोर मुद्दाम उभा राहायला लागला, आणि त्याचा गुडघा दुखायला लागला.

एवढ्या गदारोळात फ्रेंचांना कळवायचं कुणालाच सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? शेवटी सगळे डेसकडे वळले. “इव्हों तुझा माणूस. तूच सांग, गोडीत.” डेस अर्थातच हो म्हणाला.

त्याने फोन केला. पलीकडून इव्हों ओरडला, “डेस! लीक कसा?” डेस म्हणाला, लीक उत्तम. मग थंडीबद्दल बोलला, सिरिलच्या गुडघ्याबद्दल बोलला. इव्हों म्हणाला, “मी मे येतो! सॉसेज आणतो!” डेस म्हणाला, “बरं. ये.” फोन ठेवून तो जिन्यावर बसून राहिला. पुन्हा केला, पुन्हा लीक. थंडी अशीच सरली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. कमिटीत कुणी विचारलं की तो म्हणायचा, “बोलणं चालू आहे.” तेव्हा लंडनमधले मंत्रीसुद्धा रोज हेच म्हणत होते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

आणि मे महिन्यात, एका स्वच्छ दुपारी, व्हिलरोशची बस वेशीवर येऊन उभी राहिली.

गाव गोठलं. आतून माणसं हात हलवत होती, एकाने वाजवायला अकॉर्डियन काढलं होतं. अशा वेळी दुसऱ्या कुणी तोंडावर सांगून टाकलं असतं. आपली माणसं इंग्रज! थेल्माबाईंनी किटली चढवली. ऑब्रीने स्वागताचं भाषण केलं. सिरिल मंबी पाहुण्यांच्या बॅगा उतरवायला लागला आणि पुटपुटला, “आता आलेच आहेत तर बॅगा कुणी उचलायच्या? पण ठराव म्हणजे ठराव हं.”

डेस इव्होंला घेऊन थेट खोपटात गेला. आज सांगितलं नाही तर हा माणूस दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकणार, आणि मग पुन्हा या खोपटात बसणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. बायकोपासून लपवलेली गोष्ट त्याने मित्राला सांगितली, हातवारे करून, फुली हवेत काढून. “गावाने मत दिलं. तुम्ही नको असं. आणि मी... मीपण तिथेच फुली मारली.”

इव्होंचा प्याला अर्ध्यावर थांबला. डेसला वाटलं, संपलं.

“तू फोन केला,” इव्हों म्हणाला. “तू लीक बोलला. हे नाही बोलला.”

“हो.”

“मत... ते होतं. पण लीक बोलला, हे वाईट.”

“मला माहीत आहे रे,” डेस म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. साठी ओलांडलेला, दोराच्या टोकाला खडकासारखा उभा राहणारा माणूस, पण त्याला खरंच फार वाईट वाटलं होतं.

इव्होंने त्याच्या प्याल्यात आणखी थोडी ओतली. मग विचारलं, “का फुली?”

“प्रश्नमंजूषा,” डेस म्हणाला.

इव्होंने प्याला खाली ठेवला. “ती? प्रश्न, प्रश्न, आणि आपण दोघं गाढव?”

“तीच.”

“मला मत असतं, मीपण फुली मारली असती!” इव्हों ओरडला आणि त्याने डेसच्या पाठीत अशी थाप मारली की फळीवरचं बियाणं खाली आलं. “ऐक. दोन हजार पाच. आमच्याकडे मत, युरोपची घटना, मोठं कागद. सगळे म्हणाले नको. मी पण नको. मग पॅरिस म्हणाला, मेर्सी, धन्यवाद, आणि तेच मागच्या दाराने आत! तुम्ही निदान भांडता, बाहेर कसं जायचं. चांगले लोक. चल, तो खांब दाखव, बसमधून बघितला, खणलेला.”

“कशाला?”

“तुमचा खांब निघत नाही ना? मी ओढतो.”

इव्होंने आपल्या लोकांना सगळं सांगितलं, आणि वेशीवर दोन्ही गावं जमली. सिरिलने थंडीभर भोवती खणलं होतं, तरी ओक हलायला तयार नव्हता. डेसने पंपघरातून जुना दोर आणला. ऑब्री म्हणाला, “विमा नाहीये!” पण तोवर दोर खांबाला बसला होता. इकडचे तिकडचे सगळे एकाच बाजूला लागले. अगदी थेल्माबाईसुद्धा, ज्यांना खांब हवा होता. सगळ्यांत मागे दोर अंगाला लपेटून डेस आणि इव्हों, खांद्याला खांदा लावून.

“ओढा!” सिरिल ओरडला. मागून तेच फ्रेंचमध्ये ओरडलं गेलं. खांब करकरला, वाकला, आणि असा अचानक सुटला की दोन्ही राष्ट्रं पाठीवर चरात पडली. अकॉर्डियनवालाही पडला. वर फक्त ऑब्री उभा होता, आणि तोही हसू आवरत होता.

चिखलातून उठत सिरिलने पाटी काखोटीला मारली. “छान झालं. आता ही भंगारात. ठराव पूर्ण.”

“नाही,” डेस म्हणाला.

सगळे थांबले. ग्लेनिसने ओला टॉवेल हातातच धरला.

“नाही?” सिरिल म्हणाला. “अरे, गावाने कौल दिलाय!”

“दिला. मीही ‘संपवा’लाच दिला होता.” डेसने ग्लेनिसकडे बघितलं नाही, पण आवाज खाली आणला नाही. “तुझ्या मताचा अर्थ तू सांगतोस, थेल्माबाई त्यांच्या सांगतात. आज माझ्या मताचा अर्थ मी सांगतो. मला प्रश्नमंजूषा नको होती. माणूस हवा होता. गावाची वेस मोकळी झाली, कौल पाळला. पाटी माझ्याकडे दे.”

सिरिलने पाटीकडे पाहिलं, डेसकडे पाहिलं, शेजारी उभ्या इव्होंच्या दंडाकडे पाहिलं. आणि पाटी दिली.

संध्याकाळी ती खोपटावर ठोकली गेली. खिळे इव्होंने तोंडात धरले होते, हातोडी डेसच्या हातात. खालच्या बाजूला चिखल तसाच होता. वाफे गावकीच्या जमिनीत येतात की नाही हे ठरवायला ऑब्रीने उपसमिती नेमली. ती अजून बसते, आणि हल्ली फ्रेंचांच्या बाकावर बसते, कारण सिरिलचा गुडघा.

ग्लेनिस चहा घेऊन आली. गाढवांचा विषय ती पुढे कित्येक वर्षं काढणार होती, पण त्या संध्याकाळी तिने काढला नाही. पाटीकडे बघून ती एवढंच म्हणाली, “इतकी वर्षं संसार केला तुझ्याशी. तुला ‘नाही’ हा शब्द येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“मलाही,” डेस म्हणाला, आणि त्याने पुढचा खिळा मागितला.